मडगार्ड बसेपर्यंत

आमचे घरमालक चाचा पाण्याला घाबरायचे. खाडीच्या किंवा विहिरीच्या नव्हे, रस्त्यावर साचलेल्या. भिवंडीत जन्म काढायचा आणि साचलेल्या पाण्याला घाबरायचं, म्हणजे काय हाल होत असतील ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं. अंगात पांढराशुभ्र कुर्ता-पायजमा, डोक्यावर टोपी आणि नजर कायम जमिनीवर. समोरून टेम्पो दिसला की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि काखेतली छत्री उघडून रस्त्याच्या बाजूला आडवी धरायचे. टेम्पो गेला की छत्रीवर किती शिंतोडे आले ते वाकून बघायचे. हे मे महिन्यातसुद्धा. नव्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मलाही पहिल्या आठवड्यात तसंच वाटलं होतं.

कारण विचारलं तर ते अगदी शांतपणे सांगायचे. नमाजाला उभं राहायचं तर कपडा पाक पाहिजे. "पावसाचं पानी चालतं, बेटी. पण गटाराचं? डाइंगच्या कारखान्याचं? तबेल्याचं? रस्त्यावर हे सगळं एक झालेलं असतं. त्यातनं कोण निवडत बसणार?" त्यामुळे बाहेरून कुणीही गल्लीत आलं की खुशाली विचारण्याआधी चाचांचा प्रश्न असायचा, "कुठं कुठं साचलंय?" धामणकर नाक्यापासून कोनच्या रस्त्यापर्यंत कुठं खड्डा आहे, कुठला किती खोल, कुठल्यात वरून पाणी स्वच्छ दिसतं पण खाली काळा गाळ आहे, सगळं त्यांच्या डोक्यात. रोज सकाळी ओट्यावर बसून ते हे कामावर निघालेल्या माणसांना सांगायचे, कुणी विचारो न विचारो.

मी पडघ्याची. अंजूरच्या रस्त्याला एका गोडाऊनमध्ये मला काम लागलं, परत आलेला माल स्कॅन करायचं. शिफ्ट सकाळी लवकरची, पडघ्याहून त्या वेळेला पोचणं कठीण. म्हणून भिवंडीत खोली शोधत होते. खोली बघायला गेलं की जे जे विचारतात, आडनाव काय, गाव कुठलं, एकटीच राहणार का, काय खाता, त्या सगळ्याची उत्तरं मी पाठ करून गेले होते. चाचांनी खोलीची कडी उघडली, पंखा लावून दाखवला आणि एकच विचारलं, "सायकल आहे?"

"आहे."

"मडगार्ड आहे?"

नव्हतं. माझ्या भावाची जुनी सायकल, मडगार्ड कधीच निखळलं होतं. चाचांचा चेहरा असा पडला की मला वाटलं, गेली खोली. पण त्यांनी सामान आत ठेवायला सांगितलं, बायकोला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला लावला आणि स्वतः पाना शोधायला गेले. माझी पिशवी रिकामी व्हायच्या आत माझ्या सायकलीला मडगार्ड बसलं होतं. घरी फोन केला तर आईनं जयभीम म्हणायच्या आधी विचारलं, "मानसं बरी हायत ना गं?" मी म्हटलं, बरी आहेत, थोडी सायकलीच्या बाबतीत विचित्र आहेत.

थोडी नव्हे. गल्लीतल्या प्रत्येक सायकलीला चाचांचा हात लागलेला होता. त्यांचे पूर्वी स्वतःचे कापडाचे लूम होते. धंदा बसला तेव्हा लूम भंगारात गेले आणि शेड भाड्यानं दिली. आयुष्य लूमच्या आवाजात गेलेलं, त्यामुळे कानांनी कधीच राजीनामा दिला होता. दारावर कुणी कितीही थापा मारल्या तरी ऐकू यायचं नाही. पण मडगार्ड खडखडतंय की नाही हे ते हात ठेवून ओळखायचे. चाक उचलून फिरवायचं, तळहात पत्र्यावर टेकवायचा आणि डोळे मिटायचे. लूम चालू असताना बिघाड कुठं आहे ते याच पद्धतीनं शोधायचे म्हणे. मडगार्डाच्या खाली ते लूमच्या जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा लावायचे, जवळजवळ जमिनीला टेकेल इतका लांब. त्यांच्या स्वतःच्या उंच काळ्या सायकलीचा पट्टा तर खरोखरच टेकायचा. ते गल्लीतून गेले की मागं झाडू मारल्यासारखी रेघ उमटायची.

"अवो, नगरपालिकेत अर्ज करा," चाची म्हणायच्या. "रस्ता झाडल्याचा पगार तरी मिळेल."

चाचांना ऐकू यायचं नाही, किंवा यायचं आणि ते तसं दाखवायचे नाहीत.

त्यांची मुलगी शगुफ्ता माझ्याहून थोडी लहान. कॉलेज संपवून घरी बसली होती. मी ड्युटीवरून आले की माझ्या खोलीत यायची आणि गोडाऊनचं काय काय विचारायची. मशीन हातात कसं धरतात, बायका किती, जेवायला कुठं बसतात. एकदा मीच म्हटलं, आमच्याकडं एक जागा होतेय, येतेस का? दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिनं सरळ चाचांना विचारलं. चाचांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "हां. जा ना. का नाही?" चाचींच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मी आमच्या शिफ्टच्या मॅडमना शब्द दिला. शनिवारी पहिली तारीख येत होती, त्या दिवशी सकाळी शिफ्टला हजर व्हायचं. मॅडमनी बजावलं होतं, आली नाही तर त्याच दिवशी दुसरी मुलगी घेणार, नंतर माझ्याकडे यायचं नाही. आमच्या शिफ्टच्या वेळेला रिक्षा भरायला फार वेळ लागतो आणि उशीर झाला की गेटवाला आत घेत नाही. म्हणजे सायकलला पर्याय नव्हता.

शगुफ्ताच्या मामांनी तिला सायकल दिली. चांगली, उंच, बारीक टायरची, ऑफिसला जाणारी माणसं वापरतात तसली. पण या नव्या सायकलींना मडगार्ड येतच नाही. चाचांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, आणि त्या क्षणी त्यांचा चेहरा उजळला होता हे मला आठवतं. तेव्हा मला वाटलं, आवडीचं काम मिळालं म्हणून.

"ही अशी रस्त्यावर जाणार नाही," ते म्हणाले. "मडगार्ड बसेपर्यंत थांबा."

पहिल्यांदा त्यांनी प्लॅस्टिकचं आणलं. ते हलतं म्हणून काढलं. मग पत्र्याचं आणलं. त्याच्या सळ्या अडकवायला चाकाजवळ भोकं नव्हती, म्हणून पट्ट्या वाकवून केल्या. खरं सांगायचं तर सुरेख केल्या. पण मग ब्रेकला लागतंय म्हणून पुढचं काढलं. पुढचं बसलं तर मागचं तिरकं. मागचं सरळ झालं तर टायर आणि पत्रा यांच्यात जागा कमी. "यात चिखल भरला की चाक जाम. चाक जाम की माणूस खाली." परत सगळं सुटं. मी कामावरून आले की आधी ओट्यावर नजर जायची. सायकल कधी उभी, कधी उलटी, कधी चाकं एकीकडे आणि सांगाडा एकीकडे. शगुफ्ता दारात उभी राहून ते बघायची आणि आत जायची. वडिलांना ती एका शब्दानं बोलली नाही. मला मात्र रोज विचारायची, "ताई, मॅडम काही म्हणाल्या?" मॅडम रोज म्हणत होत्या. मी तिला ते सांगत नव्हते. दिवस जात होते तसं माझं जेवणावरचं मन उडालं. सकाळी गेटवर मॅडम दिसल्या की मी रांगेत कुणाच्या तरी मागं लपायचे.

गुरुवारी मी दुपारीच आले. ओट्यावर चाचा एकटे होते, माझ्याकडे पाठ. सायकल उलटी उभी होती आणि दोन्ही मडगार्डं बसलेली होती. त्यांनी चाक फिरवलं. ते कुठंही न घासता, न अडकता फिरत राहिलं. मला तिथून काहीही ऐकू आलं नाही, खडखड नाही की काही नाही. चाचांनी तळहात टेकवला, डोळे मिटले. चाक थांबेपर्यंत तसेच बसून राहिले. मग त्यांनी पाना उचलला आणि एकेक नट सोडवायला सुरुवात केली.

मला राग आला. मग दुसरंच काहीतरी वाटलं.

"चाचा, नीट बसलं होतं ते."

त्यांना ऐकू गेलं नाही. मी समोर जाऊन उभी राहिले. ते दचकले. "बघ ना, अजून खडखडतंय."

"नाही खडखडत. मी बघितलं."

त्यांनी फडक्याला हात पुसले. खूप वेळ पुसले. मग ओट्यावर जागा करून म्हणाले, "बस."

मी बसले.

"अंजूरच्या रस्त्याला तू रोज जातेस. कंटेनर किती असतात? तो ड्रायव्हर किती उंच बसतो? त्याला खालची सायकल दिसते का? सांग मला. दिसते?"

"आम्ही कडेनं जातो, चाचा."

"कडेला खड्डा. खड्ड्यात पानी. खाली काय आहे दिसत नाही. पोरगी खड्डा चुकवायला आत येणार, आणि त्याच टायमाला मागून कंटेनर." त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "हे मी रोज बघतो, बेटी. इथं बसून बघतो. चहा पिताना बघतो. नमाजाला उभा राहतो तेव्हा पण."

"मग तिला सरळ नाही म्हणा."

"नाही कसा म्हणू गो? मी नाही म्हटलं तर ती भांडणार नाही. माझ्यापुढं चहा ठेवील, हसून. आणि घरात बसेल. ते हसणं मला बघवायचं नाही." त्यांनी चाकाला बोटानं ढकललं. "सायकलच तयार झाली नाही, तर मग कुणी नाही म्हटलेलं नाही ना. सायकलीचा कसूर."

या माणसाला मी पंधरवडाभर मनात शिव्या घातल्या होत्या, आणि आता त्याच्याशेजारी बसून मलाही तो कंटेनर दिसायला लागला होता. रोज त्याच रस्त्यानं जाणारी मी, कधी मागं वळून बघितलं नव्हतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की शनिवारी ती आली नाही तर जागा गेली, आणि तसली दुसरी लवकर मिळायची नाही.

"उद्या बसवतो," चाचा म्हणाले. "जुम्मा झाला की. पक्कं बसवतो."

आणि शुक्रवारी चाचा खरंच कामाला बसले. मी चारच्या सुमाराला आले तेव्हा ओट्यावर घरची सगळी मंडळी जमली होती. मागच्या मडगार्डाचा पत्रा बोल्टाच्या भोकापाशी फाटला होता. इतक्या वेळा सोडला, इतक्या वेळा आवळला, तो किती सोसणार? चाचांनी या वेळी जीव लावून आवळला आणि तो चिरत गेला. शुक्रवार असल्यामुळे सायकलवाल्याचं दुकान बंद. चाचा दुकानापर्यंत जाऊन कुलूप हलवून आले होते, हातात तो फाटका पत्रा घेऊन.

"अल्लाची कसम, या वेळी मी मुद्दाम नाही केलं," ते म्हणाले.

म्हणजे याआधी केलं होतं, हे त्यांनी स्वतःच सगळ्यांसमोर सांगून टाकलं. चाचींनी तोंडावर पदर धरला. शगुफ्ता मात्र वडिलांजवळ खाली बसली. "मला माहीत होतं, अब्बा," ती म्हणाली. "मी तशीच जाईन. मडगार्ड नसलं तरी मी जाणार." तिच्या आवाजात राग नव्हता, पण ती ऐकणार नाही हे सगळ्यांना समजलं.

शनिवारी सकाळी दार उघडलं तर शगुफ्ताची सायकल ओट्याखाली तयार उभी होती. दोन्ही चाकांवर काळी, जाड, जुनी मडगार्डं, आणि मागं तो चामडी पट्टा जमिनीला टेकलेला. शेजारी भिंतीला चाचांची सायकल, दोन्ही चाकं उघडी. त्यांनी स्वतःची मडगार्डं काढून तिला घातली होती. चाचा कुठं दिसले नाहीत. चाची म्हणाल्या, मशिदीतून यायचेत. आम्हाला उशीर होत होता. आम्ही निघालो.

तो रस्ता मी इतक्या वेळा गेले होते, पण त्या दिवशी तो मला परका वाटला. पाऊस ओसरत आला होता, तरी पाइपासाठी खणलेल्या चरातला गाळ सगळीकडे पसरलेला. मी पुढं, शगुफ्ता मागं. मी ओरडून सांगत होते, डावीकडं घे, हळू, ब्रेक हळू. ती हो हो म्हणायची, पण मी बघितलं तेव्हा तिची मान मागं वळलेली असायची. एकदा, दोनदा, पुन्हा. "मागं काय बघतेस? पुढं बघ!" मी खेकसले. गोडाऊनच्या वळणाआधी एक मोठं डबकं आहे, कडेच्या दगडांपर्यंत. मी त्याला वळसा घालून गेले. मागून हॉर्न आला, लांबलचक. मी वळले तर शगुफ्ता नेमकी डबक्याच्या तोंडाशी, मान मागं, हँडल वाकडं, आणि सायकल रस्त्याच्या आत यायला लागलेली. कंटेनर तिच्या इतक्या जवळून गेला की तिची ओढणी उडून तोंडावर आली. ती पाय टेकून उभी राहिली. पडली नाही. मी सायकल टाकून धावले. आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या होतो.

"चल," ती म्हणाली. "गेट बंद होईल."

गेट बंद झालं नाही. मॅडमनी तिला मशीन दिलं. दिवसभर मी लांबून तिच्याकडं बघत होते. काम बरोबर करत होती, पण मधूनच हात थांबायचा आणि ती शटरच्या बाहेर बघायची.

परत आलो तेव्हा चाची दारातच उभ्या. "पोचल्या गो बाई! आणि हे कुठं गेलेत? सकाळपासनं पत्ता न्हाय. सायकल पण न्हाय." आम्ही आत जाऊन पाणी पितोय तोच चाचा आले. सायकल चालवत नव्हते, हातानं धरून आणत होते.

"नाक्यावर होतो," कुणी न विचारता ते म्हणाले. "घड्याळाचा सेल घ्यायचा होता." मग सायकल भिंतीला लावायला वळले.

पांढऱ्या कुर्त्याच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा होता. खालचा वाळून पिवळट झालेला, सकाळचा. त्याच्यावर ओला काळा, आत्ताचा. टोपीलासुद्धा लागला होता. हा माणूस आमच्या मागून अंजूरच्या रस्त्यानं गेला होता, दिवसभर तिकडंच कुठंतरी बसून राहिला होता आणि आमच्या मागूनच परत आला होता, मडगार्डाशिवाय.

चाची काही बोलणार होत्या. शगुफ्तानं त्यांचा हात दाबला.

"अब्बा, पाठीला हात लावा."

चाचांनी हात मागं नेला. बोटं पुढं आणून बघितली. सेलाची गोष्ट त्यांनी पुढं रेटली नाही.

"तू वाचलीस," ते म्हणाले. "मी बघितलं. त्या डबक्यापाशी. मी लांब होतो, मी ओरडलो, तुला ऐकू गेलं नाही. मी म्हटलं नव्हतं? तो असाच येतो, मागून. मी रोज बघतो ते हेच."

"मी तुम्हाला बघत होते, अब्बा," शगुफ्ता म्हणाली.

चाचांना ऐकू गेलं नाही असं वाटलं. ती जवळ गेली, त्यांचा चिखलाचा हात हातात घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "गल्लीतून निघाले तेव्हाच दिसलात मला. तुम्ही नीट येताय ना, पडलात तर नाही ना, म्हणून मी सारखी मागं बघत होते. म्हणून हँडल वाकडं झालं. रस्त्यात तुम्ही नसतात तर मी मागं बघितलंच नसतं."

हे तिनं रागानं सांगितलं नाही, समजावून सांगितलं. चाचा ओट्यावर बसले. घाणेरडा कुर्ता घालून ते ओट्यावर बसलेत हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांच्याकडं बघवेना, मी आत गेले.

रविवारी सायकलवाल्याचं दुकान उघडं होतं. चाचा गेले नाहीत. त्यांची सायकल उघड्या चाकांनी भिंतीला उभी राहिली, आणि तिला मडगार्ड बसवायचं त्यांनी नावही काढलं नाही. कुर्ता त्यांनी स्वतः धुतला.

सोमवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा ते दारात होते. कुठं साचलंय ते त्यांनी सांगितलं नाही. शगुफ्ता म्हणाली, "येते, अब्बा." ते "हां" म्हणाले. ती पुढं, मी मागं. गल्ली संपली, तिनं डावीकडं वळण घेतलं, मागं पाहिलं नाही. मी पाहिलं. चाचा दोन्ही हातांनी चौकट धरून तिथंच उभे होते.